डावखुरा सुरो

सकाळी कढईतलं तेल तापायच्या आत लारासने आजीला आकडा वाचून दाखवला.

"म्बाह, एकतीस लाख बेचाळीस हजार! बाराच दिवसांत."

"माणसं?" वासिताहने आंबवलेल्या सोयाबीनचे, टेम्पेचे काप पिठात बुडवत विचारलं.

"माणसंच. आणखी कोण जाणार सिनेमाला, कोंबड्या?"

जावात सिनेमा किती चालला हे पैशांत कोणी सांगत नाही, डोक्यांत सांगतात. किती जणांनी पाहिला, एवढंच. रोज सकाळी तो आकडा मोबाइलवर यायचा आणि बाजारातल्या चहाच्या टपरीपासून मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत त्याची चर्चा चालायची, जणू आपल्याच गावचा मुलगा कुस्तीत एकेक जण लोळवत चालला आहे. सिनेमा होता 'खाडीचा कोयता'. एक डोळा गेलेला सुरो, त्याचा कोयता, खाडीतली भुतं, आणि होडीतून कायमची निघून जाणारी मिरांती.

पण वासिताहला या नव्या 'कोयत्या'चं काही नव्हतं. तिचा 'कोयता' जुना, १९८२ सालचा. नव्याने ज्याच्यावरून गोष्ट घेतली तो. त्याची रिळं कधीच नाहीशी झाली, असं सगळे धरून चालले होते. मग कोण्या हौशी माणसाच्या माळ्यावर गंजक्या डब्यांत ती सापडली. धुऊनपुसून, जोडून ती पुन्हा पाहण्याजोगी केली गेली. नव्या सिनेमाची हवा तापलेली असतानाच जुनाही दाखवावा, असं कंपनीने ठरवलं. ज्या ज्या गावांत तो तेव्हा गाजला तिथे एकेकच खेळ. वासिताहच्या गावाच्या वाट्याला आज रविवार दुपारचा एकचा खेळ आला होता, नव्या मॉलमधल्या थिएटरात.

लारासच्या सिनेमा मंडळाने त्यात आपली भर घातली होती. थिएटराबाहेरच्या मोकळ्या जागेत एक लांबलचक कागद लावायचा. ब्याऐंशी साली कारखान्यामागच्या मैदानावर ज्यांनी ज्यांनी हा सिनेमा पाहिला त्यांची नावं त्यावर लिहायची, कोण कुठे बसलं होतं त्याच्यासकट. गेलेल्यांचीही नावं चालतील, घरच्यांनी सांगावीत. मग तो कागद काच लावून थिएटरच्या भिंतीवर कायमचा राहणार होता.

"आजोबांचं नाव मी स्वतः लिहिणार," लारास म्हणाली. "कुस्वादी, तिसरी रांग. बरोबर ना?"

"तिसरी," वासिताह म्हणाली. "माझ्या दोन रांगा मागे." आणि एक काप तेलात सोडून हळूच पुढे म्हणाली, "तुझा मोठा आजोबा लिहू देईल तर."

कारण कागदाशेजारच्या टेबलावर साक्षीदार म्हणून मंडळाने ज्याला बसवलं होतं तो वासिताहचा थोरला भाऊ दार्कुम होता. ब्याऐंशीला मैदानाच्या दारावर उभा राहून तिकिटं फाडणारा. आणि दार्कुम चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगत आला होता: कुस्वादी त्या दारातून आत आलाच नव्हता.

*

तेव्हा वासिताह एकोणीस वर्षांची होती. सिनेमावाले शहरातून ट्रक घेऊन आले, मैदानाच्या टोकाला दोन उंच बांबू पुरले आणि त्यांच्यामध्ये पांढरा पडदा ताणला. पडदा म्हणजे शिवून जोडलेलं सुती कापड. मैदानाला कुंपण करायचं काम तिच्या वडिलांना मिळालं. त्यांनी आणि त्यांच्या दोन माणसांनी चार दिवसांत बांबूच्या तट्ट्या विणून सगळं मैदान बंद केलं. "मुंगीलासुद्धा फुकट दिसायचं नाही," असं ते म्हणायचे. मजुरीशिवाय त्यांना पहिल्या रांगेतल्या चटईवरच्या तीन जागा मिळाल्या. त्यातली कडेची जागा वासिताहची.

तिसऱ्या, शेवटच्या दिवसाचा खेळ झाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या भज्यांच्या गाड्यावर एक मुलगा आला. कारखान्यात उसाच्या गाड्या ओढणारा, ओळखीचा नव्हे पण पाहण्यातला. त्याने मेंदोआन, म्हणजे टेम्पेची भजी घेतली, हिरव्या मिरच्या घेतल्या, आणि पैसे देताना तिच्याकडे न बघता म्हणाला, "मिरांती होडीत बसली तेव्हा तू रडलीस."

वासिताहने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"आधी हाताच्या पालथ्या बाजूने डोळा पुसलास," तो म्हणाला. "मग ओढणीचं टोक दातात धरलंस. मिरांती दिसेनाशी होईपर्यंत सोडलं नाहीस."

"तू कुठे होतास?" ही विचारणा तिच्या आईची. झारा हातात तसाच धरलेला.

मुलगा जरा गडबडला. मग म्हणाला, "तिथेच. दोन रांगा मागे."

त्याची मान लाल फोडांनी भरली होती आणि कपाळावर टेंगूळ होतं. आईने विचारलं तर म्हणाला, डास चावले, आणि दाराची चौकट लागली. वासिताहला त्या वेळी एवढंच कळलं की शेकडो लोक सिनेमा बघत असताना एक माणूस तिच्याकडे बघत होता. वर्षभराने त्यांचं लग्न झालं.

कुस्वादी ही गोष्ट उभ्या आयुष्यात किती वेळा सांगत असेल त्याला गणती नाही. लग्नात, सुंतेच्या जेवणात, ईदच्या दिवशी. गोष्ट संपली की सुरोची नक्कल. वासिताहची ओढणी उजव्या डोळ्यावर बांधायची, डाव्या हातात भज्यांचा झारा घ्यायचा, आणि "खाडीत या, मेल्यांनो!" अशी आरोळी ठोकून कोणाच्या तरी मानेवर तो टेकवायचा. पोरं किंचाळायची, बायका हसून लोळायच्या.

"अरे डावा नाही, उजवा!" दार्कुम हमखास ओरडायचा. "सुरो उजवा होता. पट्टी डाव्या डोळ्यावर!"

"मी डोळ्यांनी पाहिलंय, कांग. डावखुरा होता." बायकोसारखंच कुस्वादीही त्याला 'कांग', म्हणजे दादा, म्हणायचा.

"तू काय पाहिलंस! तू आत होतास कुठे? दारावर मी होतो. कुणाचं तोंड माझ्या नजरेतून सुटलं नाही. कोणाकडून तरी ऐकलंस आणि माझ्या बहिणीला थाप मारलीस."

"मग ती रडली हे मला कसं कळलं?"

"त्या दिवशी सगळ्याच पोरी रडल्या. त्यात काय मोठं ज्योतिष सांगितलंस!"

एवढं झालं की माणसं पोट धरून हसायची आणि कोणीतरी दोघांना चहा आणून द्यायचं. खरंखोटं करायला काही साधनही नव्हतं. सिनेमा परत कधी आला नाही, टीव्हीवर लागला नाही, आणि जाहिरातीच्या कागदावर सुरो पाठमोरा होता, हात पुढे झाकलेले. वासिताहला स्वतःला उजवा हात आठवत होता. पण रोज डावा डावा ऐकून हळूहळू तिच्याही मनात किंतु आला होता. नवरा कामाला उजवा. जेवायला, कोयता चालवायला, सायकलचं हँडल धरायला, सगळ्याला उजवा. फक्त सुरो झाला की तो डावा हात काढायचा आणि त्या हाताने झारा धरताना अवघडल्यासारखा दिसायचा.

गेल्याच्या गेल्या वर्षी रमजानात कुस्वादी गेला. तेव्हापासून दार्कुमने तो विषय काढला नव्हता. पण म्हणून त्याने मत बदललं होतं असंही नव्हतं. वासिताहला रात्रंदिवस टोचायचं ते एवढंच. थापेतच सुरुवात झाली असेल तर? एवढ्या सगळ्या वर्षांत ज्या एका गोष्टीवर ती मनातल्या मनात मिरवली होती, ती चहाच्या टपरीवर कोणाकडून तरी ऐकलेली असेल तर?

*

मॉलमध्ये पाय ठेवल्याबरोबर गारठ्याने तिने ओढणी घट्ट केली. मोकळ्या जागेत पन्नासएक म्हातारेकोतारे आधीच जमले होते. कोणी बाटिकचा चांगला शर्ट घातलेला, कोणी काळी टोपी. एका कोपऱ्यात लारासच्या मित्रांनी गंमत म्हणून दोन बांबूंमध्ये पांढरी चादर ताणली होती आणि छोट्या प्रोजेक्टरवरून तिच्यावर नव्या सिनेमातल्या सुरोच्या मारामारीचा एक तुकडा फिरून फिरून दाखवत होते. समोर पोरं जमिनीवर फतकल मारून बसली होती.

दार्कुम टेबलामागे बसला होता. सत्तरीचा, अंगाने किरकोळ, पण आज ताठ. गळ्यात मंडळाचं ओळखपत्र.

"किती तिकिटं फाडलीत तेव्हा, दार्कुम आजोबा?" कोणीतरी विचारलं.

"तेवीसशे अठरा. तीन दिवसांत. सिनेमावाल्यांच्या कार्यालयात सांगून आलो होतो, तेवीसशे अठरा माणसं. जिल्ह्यात पहिला नंबर होता आपला."

वासिताहची पाळी आली. लारासने तिचं नाव लिहिलं: पहिली रांग, कडेची जागा. मग पेन तसंच धरून आजीकडे पाहिलं.

"कुस्वादी," वासिताह म्हणाली. "तिसरी रांग."

दार्कुमने घसा साफ केला. "सिताह, इथे नको."

"इथेच."

"हे बघ, मला साक्षीदार म्हणून बसवलंय. माझी सही पडणार खाली. मेहुणा म्हणून माणूस सोन्यासारखा होता, त्याबद्दल एक अक्षर नाही. माझ्या बायकोच्या आजारपणात चार रात्री दवाखान्यात बसला, तो तोच. पण तो त्या दारातून आत आला नव्हता. काचेमागे कायमचं लावायचं आणि खोटं लावायचं?"

"तेवीसशे तोंडं तुला आठवतात?"

"त्याचं आठवलं असतं. कारखान्यातल्या गाडीवाल्यांपैकी एकच आला होता, तो म्हातारा सान्मुरी. बाकीच्यांची ऐपत नव्हती. मीच चिडवलं होतं सान्मुरीला, म्हटलं, एकटाच श्रीमंत दिसतोस."

लारास मध्ये पडली. "मोठे आजोबा, सिनेमा बघून येऊ आधी. मग ठरवू. सुरो डावा निघाला तर आजोबांचं नाव लागलं. पटतंय?"

दार्कुम हसला. "पटतंय. आणि उजवा निघाला तर?"

 वासिताहने तेही कबूल म्हणून मान हलवली, आणि ती हलवल्याबरोबर तिला भीती वाटली.

*

जागा ज्याच्या त्याच्या मिळाल्या नाहीत. वासिताह आणि लारास पुढे, दार्कुम दोन रांगा मागे. दिवे मालवले. पडद्यावर आधी लाल अक्षरं आली, नावामागून नावं. साधी, ठसठशीत, शाळेच्या फळ्यावरच्यासारखी. वासिताहला गंमत वाटली. कुस्वादी म्हणायचा, सुरुवातीची अक्षरं फार शहरी वळणाची होती, मला मेलं एक अक्षर लागेना. तिसरीपर्यंतच शिकलेला, त्याला लागणार कुठून, असं ती समजायची. पण ही अक्षरं तर तिसरीच्या पोरालाही लागली असती.

मग खाडी आली. मग धुकं. आणि धुक्यातून सुरो.

कोयता उजव्या हातात. पट्टी डाव्या डोळ्यावर.

मागून कोणीतरी मोठ्याने खाकरलं. कोण ते तिला मागे न बघताच कळलं. लारासने आजीचा हात हातात घेतला. वासिताहने तो तसाच राहू दिला. पडद्यावर भुतं कापली जात होती, थिएटर हसत होतं, कारण ती भुतं म्हणजे काळे रंगवलेले आणि तोंडाला कणीक फासलेले चारदोन गडी आहेत हे आता उघड दिसत होतं. पूर्वी याच भुतांना भिऊन वासिताहच्या आईने चटईवर तोंड खुपसलं होतं. वासिताहलाही हसू आलं, आणि त्या हसण्याच्या मध्येच वाटलं, म्हणजे खरंच ऐकीव होतं तर. चुकीचं ऐकलेलं आणि आयुष्यभर हट्टाने धरून ठेवलेलं.

मग मिरांती होडीत बसली. तेव्हा वाटली होती त्यापेक्षा ती फार लहान होती, सतरा-अठराची. बासरी वाजू लागली. वासिताहच्या पायाखाली गालिचा होता, पण तळव्यांना चटईची वीण टोचली. शेजारी लवंगांच्या सिगारेटीचा वास, मागे शेंगदाणे फोडल्याचे आवाज, आई, बाबा, दोघंही असलेले. ती रडली. हाताच्या पालथ्या बाजूने डोळा पुसला. थोड्या वेळाने लक्षात आलं की डोक्यावरच्या ओढणीचं टोक आपण दातात धरलंय.

दिवे लागले तरी ती बसून राहिली. दार्कुम रांगांमधून पुढे आला. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता. उलट चोरासारखा दिसत होता.

"बघितलंस ना," तो पुटपुटला. "मला काही हौस नाही, सिताह."

"बघितलं."

"जाऊ दे. चहा पिऊ."

"कांग, मी रडले का?"

"आँ?"

"होडीच्या वेळी. मी रडले का आत्ता?"

"मला काय ठाऊक?" दार्कुम वैतागला. "मी तुझ्या मागे होतो. मला तुझी ओढणी दिसत होती आणि तिच्याखालचा हा अंबाडा. रडलीस की हसलीस, मला काय मागून दिसणार?"

वासिताह त्याच्याकडे बघत राहिली.

"काय झालं?" दार्कुमने विचारलं. "असं काय बघतेस?"

"दोन रांगा मागे होतास ना तू?"

"मग! दोनच."

ती उठली. लारासचा हात धरून भरभर पायऱ्या उतरली, आणि बाहेरच्या जागेत आल्यावर टेबलाकडे न जाता सरळ त्या पांढऱ्या चादरीकडे गेली. समोर पोरं बसली होती. चादरीवर सुरो अजून लढतच होता, उजव्या हाताने. वासिताह पोरांना वळसा घालून बांबूपलीकडे गेली आणि चादरीच्या मागे उभी राहिली.

चादर पातळ होती. उजेड आरपार येत होता. सुरो तिथेही होता, थोडा फिकट. कोयता डाव्या हातात. पट्टी उजव्या डोळ्यावर. कोपऱ्यात सिनेमाचं नाव होतं आणि अक्षरं अशी उलटी वळलेली की तिलाही पटकन लागेनात.

ती एक पाऊल कडेला सरकली, बांबूपाशी. आता एका डोळ्याच्या कोनात चादर होती आणि दुसऱ्याच्या कोनात, कडेपलीकडे, समोर बसलेली पोरं. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडांवर पडला होता. एकेक चेहरा लख्ख. एक मुलगी नखं खात होती. तिला कोणी बघतंय याचा तिला पत्ता नव्हता.

"लारास," वासिताहने हाक मारली. "मोठ्या आजोबांना इकडे घेऊन ये. पडद्यामागे आण."

दार्कुम कुरकुरत आला. "आता काय?"

"बघ."

त्याने बघितलं. मग चादरीच्या पुढे गेला, परत मागे आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. घाण्याला जुंपलेल्या बैलासारख्या त्याच्या तीन फेऱ्या झाल्या.

"डावा," तो शेवटी म्हणाला.

"मैदानावर पडद्यामागे काय होतं, कांग?"

"काय असणार? बाबांच्या तट्ट्या. त्यांच्यामागे कालव्याचा बांध."

"आणि बांधावर?"

दार्कुम आठवू लागला. "आंब्याचं झाड. कारखान्याच्या कारभाऱ्याचं. लाल मुंग्यांनी भरलेलं, म्हणून कोणी आंबे काढायला जात नसे."

"दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यावर आला तेव्हा त्याची मान फोडांनी भरली होती. म्हणाला, डास चावले. डासांचे असे फोड येत नाहीत हे मला तेव्हाही कळत होतं. मी विचारलं नाही." तिने ओढणी सारखी केली. "तो झाडावर होता. पडद्याच्या कडेला. म्हणून त्याला सुरो दिसला डावखुरा, आणि मी दिसले समोरून. तिसऱ्या रांगेत असता तर त्याला माझा अंबाडा दिसला असता, तुला दिसला तसा."

लारासने तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे थाप मारलीच की त्याने," दार्कुम म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "दोन रांगा मागे म्हणाला होता."

"मारली. एवढी एकच. आईने झारा रोखून विचारलं, कुठे होतास, आणि कुंपण आमच्या बाबांचं, दारावर तू. काय सांगणार होता? तुमच्या तट्टीवरून फुकट बघत होतो म्हणून?" वासिताह हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. या वेळी तिने ते पुसलं नाही. "पण हाताचं त्याने कधी खोटं सांगितलं नाही. तू सगळ्यांसमोर त्याला वेड्यात काढायचास. थापच टिकवायची असती तर त्याने एका दिवसात झारा उजव्या हातात घेतला असता, गप्प बसला असतास तू. त्याला ते सुचलंसुद्धा नाही. त्याने जे पाहिलं ते पाहिलं."

दार्कुम टेबलापाशी जाऊन बसला. भोवती माणसं जमली होती. लारासने कोणाला तरी सांगितलं, त्याने पुढच्याला, आणि बघता बघता अख्ख्या जागेत कुजबुज पसरली.

"पण तिकीट नव्हतं," दार्कुम स्वतःशी बोलावं तसं म्हणाला. "तेवीसशे अठरा ही तिकिटं आहेत."

"वर काय लिहिलंय, मोठे आजोबा?" लारास म्हणाली. "वाचा की. 'ज्यांनी पाहिला'. तिकिटाचं कुठे लिहिलंय?"

गर्दीतून एक जाडजूड म्हातारी पुढे आली. मगाशी तिने मोठ्या ऐटीत स्वतःला पाचव्या रांगेत लिहवून घेतलं होतं. "ए बाळ," ती लारासला म्हणाली, "माझं जरा खोड. मी बांधावर होते. आम्ही नऊ जणी होतो. घरून घोंगडी नेली होती." आणि दार्कुमकडे वळून, "तू काठी घेऊन हाकलायला आला होतास, मेल्या. माझी चप्पल राहिली तिथे."

हशा पिकला. टोपी घातलेल्या एका गृहस्थाने हळूच विचारलं की नारळाच्या झाडावरून पाहिलं असेल तर ते कोणत्या रांगेत येईल. लारासने कागदाच्या उजव्या बाजूला एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं: पडद्यामागे.

"पेन इकडे दे," दार्कुम म्हणाला.

त्याने त्या रेघेपलीकडे पहिलंच नाव लिहिलं. सावकाश लिहिलं. कुस्वादी. आंब्याचं झाड. लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं नाही.

"सिताह," तो म्हणाला. "एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी होडीचं दृश्य आलं तेव्हा मी दार सोडून कुंपणाच्या कडेने फेरी मारत होतो. झाडावर काहीतरी हललं. मला वाटलं माकड, नाहीतर कोणीतरी आंबे चोरतंय. मी एक ढेकूळ उचललं आणि हाणलं. 'अयायायी' असा आवाज आला. मी हसत हसत निघून गेलो." त्याने नाकावरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्याला कुठे लागलं बिगलं होतं का?"

वासिताहने डोळे मिटले. तेल तापत होतं, आई झारा रोखून उभी होती, आणि गाड्यासमोर एक मुलगा तिच्याकडे न बघता उभा होता. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ.

"चौकट लागली म्हणाला होता," ती म्हणाली.

"कोणत्या बाजूला?"

"काय?"

"टेंगूळ," दार्कुम कळवळून म्हणाला. "डावीकडे की उजवीकडे?"

"आता हे नको सुरू करूस, कांग," वासिताह म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.